एकाच आगीची चार वये

अंदमानातील बॅरन बेट हा भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी आहे. तिथून राख आणि धूर उठल्याची बातमी आली, की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. भर समुद्रात आग येतेच कशी, हा पहिला. आणि आपला सह्याद्रीसुद्धा ज्वालामुखीतूनच झाला असेल, तर तो पुन्हा जागा होणार नाही कशावरून, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांचा माग काढत गेले की वाट हिंदी महासागरातल्या मॉरिशस आणि रियुनियन या शेजारी बेटांवर जाऊन पोहोचते. मॉरिशस आपल्याला ठाऊक असते ते सहलीच्या जाहिरातींमुळे किंवा तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजामुळे. आपले त्याहून पुष्कळ जुने, साडेसहा कोटी वर्षांचे नाते त्या बेटांशी आहे, आणि ते दगडाचे आहे.

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाही

शाळेतल्या चित्रांमुळे आपल्या मनात असे बसलेले असते, की जमीन म्हणजे दुधावरची साय आणि तिच्याखाली उकळता लाल रस. प्रत्यक्षात कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जो थर आहे, ज्याला प्रावरण म्हणतात, तो घन खडकाचा आहे. हा खडक विलक्षण तापलेला असूनही वितळत नाही, कारण वरच्या दगडाचा प्रचंड भार त्याला दाबून धरतो. कुकरमध्ये हेच घडत असते. दाबाखाली असेपर्यंत आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे तापूनही पाणीच राहते. दाब उतरायच्या आत कुणी झाकण उघडले, तर तेच पाणी एका क्षणात उसळून वाफ होते आणि वरण छताला लागते. तापमान वाढलेले नसते, फक्त दाब गेलेला असतो. खोल प्रावरणातला अधिक तापलेला खडक अतिशय संथपणे, घन अवस्थेतच, वर सरकतो; वर येताना त्याच्यावरचा भार उतरतो आणि त्याचा काही अंश वितळतो. हा वितळलेला अंश म्हणजे शिलारस, आणि तो बाहेर पडला की त्यालाच लाव्हा म्हणायचे. अशी वर येणारी उष्णता कोट्यवधी वर्षे जवळपास एकाच जागी टिकून राहिली, तर त्या जागेला तप्तस्थळ म्हणतात.

बॅरन बेटाची रीत वेगळी आहे. पृथ्वीचा बाह्य भाग मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचा, म्हणजे भूपट्टांचा, बनलेला आहे. अंदमानजवळ आपल्या बाजूचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो आणि जाताना समुद्राचे पाणी मुरलेला खडक बरोबर नेतो. या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो. घरी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ते याच तत्त्वावर, कारण मीठ मिसळले की बर्फ एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. बॅरन बेट हे पाण्याने वितळवलेल्या खडकाचे. मॉरिशस आणि रियुनियन ही दाब उतरल्याने वितळलेल्या खडकाची. हा फरक लक्षात ठेवला, की बातम्यांमधला निम्मा गोंधळ मिटतो.

सुई जागेवर, कापड पुढे

शिवणयंत्राची सुई एकाच ठिकाणी खालीवर होत असते. कापड पुढे सरकते, म्हणून टाके एका रांगेत पडत जातात; ताजा टाका सुईखाली असतो आणि सर्वांत जुना सर्वांत लांब गेलेला असतो. तप्तस्थळ ही सुई समजावी आणि भूपट्ट हे कापड.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे भूपट्टांच्या मानाने अतिशय वेगाने, उत्तरेकडे चालला होता. त्या वाटचालीत तो या सुईवर आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्यातून दख्खनचे पठार झाले; आज उरलेला त्याचा विस्तारसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर उभे राहिले, की कातळाचे आडवे पट्टे एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. त्यांतल्या बहुतेक पट्ट्यांमागे लाव्हाचा एकेक लोट आहे.

भारत पुढे निघून गेला, सुई मागे राहिली. तिचे पुढचे टाके समुद्रात पडले: आधी लक्षद्वीप आणि मालदीव यांच्याखालचे डोंगर, नंतर मालदीवच्या दक्षिणेची चागोस बेटे. त्यानंतर समुद्रतळाला दुभंगणारी आणि दोन्ही बाजूंना ढकलणारी एक भेग सरकत सरकत तप्तस्थळाच्या वरून गेली, आणि शिवण मधोमध कातरली गेली. चागोसपर्यंतचे टाके भारताच्या बाजूला राहिले. पुढचे टाके आफ्रिकेच्या बाजूच्या कापडावर पडू लागले. साया दे माल्हा आणि नाझारेथ या नावांचे पाण्याखालचे विस्तीर्ण उथळ भाग, मग सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन हा त्यांचा क्रम आहे. आज सुई रियुनियनखाली आहे. मॉरिशसच्या पूर्वेचे रॉड्रिग्ज बेट मात्र या रांगेत नीट बसत नाही, आणि त्याचा खुलासा कसा करायचा यावर भूशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

याला पुरावा काय?

शिवणीचा दाखला ऐकायला सोपा वाटतो, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. १९८७ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन या संशोधनजहाजाने मॉरिशसच्या उत्तरेपासून मालदीवपर्यंत समुद्रतळात छिद्रे पाडून खालचा ज्वालामुखीजन्य खडक वर काढला. त्याची वये किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारे मोजली, तेव्हा उत्तरेकडे जावे तसा खडक जुना होत गेला: नाझारेथजवळ ३ कोटींहून थोडा अधिक, चागोसजवळ ४ कोटी ९० लाखांच्या आसपास आणि मालदीवखाली सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे. हा क्रम योगायोगाने जुळेल, असे म्हणणे अवघड आहे. तरीही ही उष्णता नेमकी किती खोलवरून येते आणि तप्तस्थळ स्वतःही थोडेफार सरकले का, यांवर गंभीर मतभेद आहेत, आणि दख्खनच्या उगमाचे श्रेय या एकाच कारणाला द्यायला सगळे तज्ज्ञ तयार नाहीत.

मग सह्याद्री पुन्हा पेटेल का?

नाही. ज्या उष्णतेने तो घडला, ती आता मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. राजापूरपासून वज्रेश्वरीपर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, हे खरे; पण ते जमिनीत खोल मुरलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापून भेगांवाटे वर आल्यामुळे झालेले आहेत. त्यांच्याखाली शिलारस साठलेला नाही.

पातळ पिठाचे बेट

घावनाचे पीठ पातळ ठेवतात, कारण ते तव्यावर आपोआप पसरावे लागते. बेसाल्टचा लाव्हा तसाच असतो. सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा हा रस दूरवर वाहत जातो, त्यामुळे त्याचा डोंगर उभट शंकूसारखा न होता जमिनीवर पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा पसरट होतो. रियुनियनच्या भोवतीचा समुद्र सुमारे चार किलोमीटर खोल आहे आणि त्यावरचे सर्वोच्च शिखर, पितों दे नेज, समुद्रसपाटीपासून ३,०७० मीटर उंच आहे. पायथ्यापासून मोजले तर हा डोंगर सात किलोमीटरचा होतो. आपण ज्याला बेट म्हणतो तो त्याचा नुसता माथा.

त्याच बेटावरचा पितों दे ला फूर्नेज, म्हणजे भट्टीचे शिखर, हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. बहुतेक वेळा त्याचा लाव्हा समुद्राकडे उघडणाऱ्या एका निर्मनुष्य, नालाकृती खोलगटातच राहतो, म्हणून लाखो लोक त्याच्या शेजारी निर्धास्तपणे राहू शकतात. १९७७ मध्ये तो खोलगटाबाहेर फुटला. सेंत-रोझ परिसरातल्या एका चर्चच्या दारापाशी येऊन लाव्हा दोन्ही अंगांनी पुढे गेला, आणि ते चर्च थिजलेल्या काळ्या दगडाच्या वेढ्यात आजही उभे आहे. या उद्रेकानंतरच तिथे कायमची वेधशाळा उभारली गेली. एप्रिल २००७ मध्ये इतका शिलारस बाहेर पडला, की आधार गेल्यामुळे मुख्य विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खाली कोसळला. घरातला पाण्याचा पिंप तळाकडून गळू लागावा आणि वरचे झाकण आत पडावे, तसे ते झाले.

बेटाला उतारवय असते

रस मिळणे थांबले, की बेटाची घसरण सुरू होते. खालचा तापलेला समुद्रतळ थंड होत जातो, आकसतो आणि खचतो; वरून पाऊस आणि कडेने लाटा डोंगर झिजवतात. उष्ण, स्वच्छ, उथळ पाण्यात मात्र प्रवाळ वाढत असतो. हा चुनखडीचे घर बांधणारा सूक्ष्म प्राणी आहे आणि त्याला ऊन लागते, म्हणून डोंगर खचत जाईल तसतसा तो जुन्या घरावर नवे घर बांधत पृष्ठभागाजवळ टिकून राहतो. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये बीगल जहाजातून मॉरिशसला आला, तेव्हा त्याच्या डोक्यात हाच विचार होता: कडेचा प्रवाळ, मग बेटापासून दुरावलेला प्रवाळ आणि शेवटी मधले बेट बुडून उरलेले प्रवाळाचे कडे ही एकाच गोष्टीची तीन वये आहेत. खोल छिद्रे पाडण्याची साधने नव्हती, तेव्हा केवळ निरीक्षणावरून त्याने हे ओळखले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

आपल्या शिवणीवर ही वये रांगेत मांडलेली आहेत. रियुनियन तरुण आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला तेवढा प्रवाळाचा अरुंद पट्टा लागलेला आहे. मॉरिशस प्रौढ आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरवर उतरले आहे आणि प्रवाळाने बेटाला जवळजवळ पूर्ण वेढले आहे. पर्यटकांना भुरळ घालणारे शांत निळे पाणी त्या वेढ्याच्या आतले. मालदीवमध्ये डोंगर कधीच पाण्याखाली गेला आहे आणि प्रवाळ तेवढा उरला आहे. चौथे वय आपल्या पायाखाली आहे. दख्खन हे बेट नव्हतेच, ते खंडाच्या जाड कवचावर पसरले, म्हणून बुडाले नाही. साडेसहा कोटी वर्षे पावसाने कोरून त्याचे कडे, सुळके आणि खिंडी झाल्या.

एकाच बेटावर दोन हवा

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून फार दूर नसलेल्या माणदेशाला पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. ओला वारा डोंगर चढतो, चढताना गार होतो, पाणी सांडतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. या कोरड्या बाजूला पर्जन्यछाया म्हणतात. रियुनियनमध्ये हेच घडते, पण बाजू उलटी आहे. आपला पाऊस पश्चिमेकडून चार महिने येतो. तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जवळपास वर्षभर वाहतात. त्यामुळे पूर्वेच्या उतारांवर काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरहून अधिक पाऊस होतो आणि पश्चिम किनाऱ्याला एक मीटरही मिळत नाही. हे अंतर अवघ्या काही दहा किलोमीटरचे आहे.

त्यात चक्रीवादळांची भर पडते. वादळाचा ओला वारा तीन किलोमीटर उंच भिंतीवर आदळला, की आभाळ रिते होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपण विसरलेलो नाही. रियुनियनवरच्या फॉक-फॉक या ठिकाणी जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. हा जागतिक विक्रम आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये कॉमर्सन विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

ओल्या पूर्वेचे पाणी कोरड्या पश्चिमेला नेण्यासाठी तिथे डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदे खोदले गेले. कोयनेचे पूर्वेकडे जाणारे पाणी आपण विजेसाठी सह्याद्रीतून पश्चिमेला उतरवले. दगड तोच, पावसाचा पेच तोच आणि उपायही तोच, एवढेच की तिथे पाणी मुख्यतः शेतीसाठी हवे होते.

हवा खडकाची माती करते तीही एकाच तऱ्हेने. उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशात बेसाल्टमधली विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. कोकणातला जांभा असाच तयार झाला. मॉरिशसमध्ये शामारेलची सात रंगांची माती पाहायला पर्यटकांची रीघ लागते; तिचे तांबडे, तपकिरी आणि जांभळट रंग लोखंड कसे आणि किती गंजले, यावरून ठरलेले आहेत.

काळ्या कातळावर पहिला कोण येतो?

रियुनियनच्या पूर्व उतारावर लाव्हा थंड झाल्यानंतर काही वर्षांतच त्याच्या खरखरीत अंगावर राखाडी, झुबकेदार बुरशीसारखे काहीतरी दिसू लागते. दुरून ते कातळावर जमलेल्या दवासारखे वाटते. ही शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. आपल्या गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल याच कुळातले. बुरशी ओल धरते, शैवाल उन्हातून अन्न बनवते, आणि मातीचा कण नसलेल्या दगडावर दोघांचा संसार चालतो. तिच्या कुजण्यातून भेगांमध्ये चिमूटभर गाळ साठला, की नेचे उगवतात, मग झुडपे, आणि बऱ्याच काळानंतर जंगल. पाऊस भरपूर असेल तिथे हे झपाट्याने होते. उंचावर किंवा कोरड्या बाजूला तोच लाव्हा कितीतरी अधिक काळ उघडा राहतो. त्यामुळे तिथल्या हिरवाईवरून लाव्हाचे वय ओळखायचे, तर आधी त्या जागेचा पाऊस विचारावा लागतो.

कोणत्याही खंडाशी कधी जोडले न गेलेल्या बेटावर सगळे जीव वाऱ्याने, पाण्याने किंवा पंखांनी यावे लागतात. म्हणून मॉरिशस आणि रियुनियनवर माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, आणि बेडूकही नव्हते. जे पोहोचले त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी रिकाम्या जागा भरल्या. आपल्या केवड्याच्या कुळाचे मॉरिशसवर वीसच्या आसपास प्रकार झाले. मॉरिशसच्या हिरव्या पोपटाचा सर्वांत जवळचा आप्त आपल्याकडे पेरूच्या झाडावर येणारा कंठवाला पोपट आहे. रियुनियनच्या उंच उतारांवरचे बाभळीच्या जातीचे एक झाड हवाई बेटांवरच्या कोआ वृक्षातून उत्पन्न झाल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसते, म्हणजे एखादे बी अर्धी पृथ्वी ओलांडून आले.

उंचीनुसार हवा बदलते आणि हवेनुसार वस्ती. रियुनियनच्या किनाऱ्यावर ऊस आणि नारळ, वर ढगांत बुडालेले शेवाळी जंगल आणि वृक्षासारखे उंच नेचे, त्यावर बाभळीची राई. दोन हजार मीटरच्या आसपास ढगांची कमाल मर्यादा येते आणि तिच्यावर कोरडी, खुरटी झुडपे लागतात, ज्यांना हिवाळ्यात हिमकण सोसावे लागतात. मुंबईहून हिमालयापर्यंतचे टप्पे एका दिवसाच्या चढणीत बसवावेत, तसे हे आहे.

डोडो हवामानामुळे संपला का?

हा प्रश्न मुद्दाम घेतला, कारण हवा बदलतच असते आणि जीव संपतच असतात, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. डोडो हे मुळात कबूतर. त्याचा आजचा सर्वांत जवळचा आप्त आपल्याच निकोबार बेटांवर राहतो. शिकारी जनावर नसल्यामुळे उडण्याची गरज उरली नाही आणि तो जड झाला. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ मार ओ सॉन्ज नावाची दलदल आहे. तिच्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या भीषण दुष्काळात पाण्याच्या आशेने जमून मेलेल्या महाकाय कासवांची आणि डोडोंची हाडे मोठ्या संख्येने सापडली आहेत. म्हणजे हवामानाने त्याला मारले होतेच, पण संपवले नव्हते. तो दुष्काळ, उद्रेक आणि असंख्य वादळे या जातीने निभावून नेली. १५९८ मध्ये डच जहाजे आली, त्यांच्या पाठोपाठ उंदीर, डुकरे आणि माकडे आली, आणि शंभर वर्षांच्या आत एकही डोडो उरला नाही.

१९७४ मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे रानात माहीत असलेले फक्त चार पक्षी राहिले होते. अंडी उबवून, पिल्ले वाढवून आणि रानात सोडून ती संख्या पुन्हा शेकड्यांत नेता आली. पण ज्याच्या आधाराने हे पक्षी जगतात ते चांगल्या स्थितीतले मूळ जंगल त्या बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि ही गोष्ट ससाण्याच्या यशाइतकीच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

दगड वेचणारे हात

मॉरिशसच्या उसाच्या शेतांत मधोमध काळ्या दगडांचे उंच ढिगारे दिसतात. नवख्याला ती प्राचीन बांधकामे वाटतात. १८३४ पासून वेठबिगारीच्या कराराने नेलेल्या मजुरांनी शेत मोकळे करताना हे दगड एकेक करून हातांनी उचलले. त्यांत रत्नागिरी भागातून गेलेली मराठी माणसेही होती. ज्या कातळात त्यांच्या गावच्या विहिरी खोदलेल्या होत्या, त्याच आगीतून निघालेला दगड ती समुद्रापलीकडे वेचत होती.

तिथल्या घरांवरही हवेची छाप आहे. १९६० मध्ये आलिक्स आणि कॅरल ही वादळे पाठोपाठ आली आणि लाकूड, पत्रा व गवत यांची हजारो घरे उडाली. त्यानंतर बेटावर सपाट छपराची काँक्रीटची घरे रूढ झाली. पर्यटकाला ती रूक्ष वाटतात, पण वाऱ्याला खालून उचलता येईल अशी कड त्यांनी ठेवलेली नसते.

रियुनियनचेही हेच होणार का?

होय, आणि ते सुरू झालेले आहे. पितों दे नेज सुमारे १२ हजार वर्षांपासून शांत आहे आणि त्याच्या भोवती कोसळण्यातून आणि पावसाच्या कोरण्यातून माफात, सिलाओस आणि सालाझी ही तीन प्रचंड कुंडे झाली आहेत. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही. तिथल्या वाड्यांवरचे सामान पायवाटेने किंवा हेलिकॉप्टरने जाते, आणि दर पावसाळ्यात नद्या त्या डोंगराचा गाळ समुद्रात नेऊन टाकतात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, त्रांब्ले गावाजवळ, २००७ च्या लाव्हाने समुद्रात नवी जमीन घातली. तिच्या कडेला लाटांनी दगड कुटून काळी वाळू केली, आणि लाव्हाने गाडलेला किनाऱ्याचा रस्ता त्याच दगडावरून पुन्हा बांधला गेला.